आजोबांचं बावीस बोअरचं टार्गेट रिव्हॉल्व्हर: कोणतं, कधीचं, कितीचं?

प्रश्न थोडक्यात असा. जुळे सोलापुरातल्या एका घरात आजोबांच्या नावे परवाना असलेलं रिव्हॉल्व्हर आहे. आजोबा वारले, शस्त्र अजून लोखंडी कपाटात चामड्याच्या कव्हरमध्ये पडून आहे. सहा इंची नळी, सहा गोळ्यांचं सिलिंडर. नळीच्या डाव्या अंगाला ‘स्मिथ अँड वेसन’, उजव्या अंगाला ‘२२ लाँग रायफल’. उजव्या बाजूला बॉडीवर चार ओळींचा बारीक मजकूर, सुरुवात ‘मेड इन यू.एस.ए.’ अशी. मुठीच्या तळाला ‘के’ आणि पुढे ९१ हजारांच्या घरातला आकडा. सिलिंडर बाहेर काढलं की आत बॉडीवर वेगळाच पाच आकडी नंबर, आणि परवान्यावर नेमका हा आतला नंबर चढलेला. सगळं रिव्हॉल्व्हर आरशासारखं पांढरं चकाकतं. चुलत्यांनी अमेरिकेतला भाव पाहून डॉलरचा गुणाकार करून ठेवलाय, आणि विचारलंय की ही वस्तू कोणती, कधीची, कितीची.

तिन्हींची उत्तरं देता येतात. पण एक गोष्ट आधी पक्की करा: आपल्याकडे जुन्या रिव्हॉल्व्हरची किंमत पहिल्यांदा कागद ठरवतो, मग बोअर (नळीच्या भोकाचं माप), आणि वस्तूची हालत तिसऱ्या नंबरावर येते. अमेरिकेत हा क्रम जवळपास उलटा आहे. म्हणून तिथला आकडा उचलून इथे लावला की हिशेब चुकतोच.

तेव्हा कागदापासूनच सुरुवात. परवाना व्यक्तीचा असतो, घराचा नव्हे. परवानाधारक गेला की त्या शस्त्राचा ताबा कायदेशीर राहत नाही, आणि १९५९ च्या शस्त्र अधिनियमाचं कलम २१ सांगतं की ते विनाविलंब जवळच्या पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे, म्हणजे गन हाऊसमध्ये, जमा करायचं. ‘वर्षश्राद्ध झालं की बघू’ हे इथे चालत नाही. पिशवीत घालून स्कूटरवरून नेऊही नका. आधी ठाण्यात लेखी अर्ज द्या, सोबत मृत्यू दाखला आणि परवान्याची प्रत जोडा, आणि शस्त्र कुणी, कसं हलवायचं ते त्यांच्याकडूनच ठरवून घ्या. जमा केल्याने हक्क जात नाही. वारसाला परवाना मिळाला तर ते परत घेता येतं, नाही तर योग्य माणसाला विकता येतं.

सोलापूर शहराच्या हद्दीत परवान्याचं काम पोलीस आयुक्तांकडे चालतं. बार्शी, पंढरपूर, अक्कलकोट अशा ग्रामीण हद्दीत ते जिल्हाधिकाऱ्यांकडे. २०१६ च्या शस्त्र नियमांत वारसाला परवाना देण्याची वेगळी तरतूद आहे. त्यासाठी इतर वारसांची लेखी ना-हरकत लागते, आणि बहुतेक प्रकरणं अडतात ती इथेच. चुलते विकायचं म्हणतात आणि तुम्ही ठेवायचं म्हणता, तर हा वाद अर्ज करण्याआधी घरात मिटवा. (घरात अजून एखादे वयस्क परवानाधारक असतील तर हेही ध्यानात ठेवा: वय ७० झालं किंवा शस्त्र २५ वर्षं बाळगलं की परवानाधारक हयातीतच ते वारसाच्या नावे करायचा अर्ज देऊ शकतो.)

पावती घेताना मात्र डोळे उघडे ठेवा. तिच्यावर दोन्ही नंबर वेगवेगळे लिहून घ्या: मुठीखालचा ‘के’सकटचा आणि आतला बॉडीवरचा. का ते पुढे येईल. यापुढे जी तपासणी सांगतोय ती सगळी गन हाऊसच्या टेबलावर, त्यांच्या देखत करायची आहे.

आता वस्तू. स्मिथ आणि कोल्ट या दोन अमेरिकन घराण्यांतला फरक एका हालचालीत कळतो. सिलिंडर उघडायची डावीकडची कळ पुढे ढकलावी लागते ते स्मिथ, मागे ओढावी लागते ते कोल्ट. घोडा चढवताना मागून पाहिलं तर स्मिथचं सिलिंडर घड्याळाच्या उलट फिरतं, कोल्टचं सुलट. रिव्हॉल्व्हर मधोमध मोडून नळी पुढे झुकत असेल तर ते वेब्ली (ब्रिटिश बनावटीचं) किंवा त्या वळणाचं, तो विषयच निराळा.

‘स्मिथ अँड वेसन’ ही अक्षरं आहेत म्हणून वस्तू स्मिथचीच, असंही धरू नका. स्पेनमधल्या एबार गावच्या कारखान्यांनी स्मिथच्या नकला पोत्याने केल्या. त्यांच्या नळीवर ‘३२ एस अँड डब्ल्यू लाँग’ असं असतं (एस अँड डब्ल्यू म्हणजे स्मिथ अँड वेसन), पण ते काडतुसाचं नाव झालं, बनवणाऱ्याचं नव्हे. घरोघरी ‘आमच्याकडे अस्सल स्मिथ आहे’ म्हणून सांगितल्या जाणाऱ्या वस्तूंत या भरपूर निघतात. सरहद्दीकडच्या हातघडणीच्या नकला त्याहून सोप्या ओळखू येतात: एखादं अक्षर उलटं, स्पेलिंग चुकलेलं, ओळ वाकडी, आणि स्क्रूच्या खाचा मऊ लोखंडासारख्या पसरलेल्या. तुमच्या वर्णनातल्या चार ओळी, म्हणजे मेड इन यू.एस.ए., मार्कास रेजिस्ट्राडास, स्मिथ अँड वेसन, स्प्रिंगफील्ड मास, या अस्सल कारखान्याच्या आहेत. हा चार ओळींचा ठसा १९४८ च्या सुमारास सुरू झाला. त्याआधी नुसतं ‘मेड इन यू.एस.ए.’ एका ओळीत असायचं. म्हणजे साल १९४८ च्या अलीकडचं, एवढं नंबर न बघताच कळलं.

सहा इंची नळी, नळीच्या पाठीवर सलग पट्टी, मागे बारीक स्क्रूने ‘कट-कट’ सरकणारी साईट, पुढे चौकोनी उभी साईट, आणि .२२ बोअर: हे के-२२ मास्टरपीस. ‘के’ म्हणजे कारखान्याचा मध्यम आकाराचा सांगाडा. या वस्तूच्या तीन पिढ्या आहेत. पहिली के-२२ आउटडोअर्समन, १९३० च्या दशकातली, नळी गोल आणि पट्टी नाही. दुसरी १९४० ची, फार तर हजारभर नग निघाले आणि युद्धामुळे काम थांबलं. या दोन्हींच्या नंबराआधी ‘के’ नसतो. तिसरी युद्धानंतरची: १९४६ च्या डिसेंबरात के १०१ पासून नंबर सुरू झाला. तुमची ही तिसरी.

नळीची लांबी मोजताना एक चूक सर्रास होते. बॉडीच्या पुढच्या कडेपासून मोजतात आणि ‘साडेपाच इंची आहे’ म्हणतात. मोजायचं ते सिलिंडरच्या पुढच्या तोंडापासून नळीच्या टोकापर्यंत. ते १५२ मिलिमीटर भरलं तर सहा इंच. कमी भरलं आणि टोकाशी पुढची साईट कडेला टेकलेली किंवा डाग देऊन बसवलेली दिसली, तर नळी कापलेली आहे. परवानगीशिवाय नळी आखूड करणं हा कायद्याने गुन्हा आहे, शिवाय टार्गेट रिव्हॉल्व्हरचं मोलही तिथेच संपतं.

आता नंबर, ज्यावर तुमचं सगळं प्रकरण उभं आहे.

स्मिथचा खरा अनुक्रमांक मुठीच्या तळाला असतो. तोच नंबर आणखी चार ठिकाणी सापडायला हवा: सिलिंडरच्या मागच्या तोंडावर, नळीच्या पोटाला जिथे काडतुसं काढायची दांडी टेकते तिथे, काडतुसं उचलणाऱ्या चांदणीच्या खालच्या अंगाला, आणि उजव्या लाकडी ग्रिपच्या आतल्या बाजूला. पाचही जुळले तर वस्तू कारखान्यातून निघाली तशी एकसंध आहे. नळीवरचा जुळला नाही तर नळी बदललेली, सिलिंडरचा जुळला नाही तर सिलिंडर.

सिलिंडर बाहेर झुकवल्यावर बॉडीच्या खोबणीत जो आकडा दिसतो तो जोडणीचा नंबर. पॉलिशला टाकताना एकमेकांत घासून बसवलेले भाग वेगळे होऊ नयेत म्हणून कारागीर तो ठोकायचे. सिलिंडर ज्या वळणदार हातावर फिरतं त्या हातावर आणि उजव्या झाकणाच्या आत तोच आकडा मिळेल. सालाशी त्याचा काही संबंध नाही. ही चूक मात्र देशभर आहे, कारण कोल्टचा खरा नंबर नेमका याच खोबणीत असतो. नोंद करणाऱ्याला कोल्टची सवय, समोर स्मिथ आलं, त्याने तिथलाच आकडा उतरवला, आणि तोच पुढे नूतनीकरणात, निवडणुकीच्या वेळी शस्त्र जमा केल्याच्या पावत्यांत, सगळीकडे उतरत गेला.

यात घाबरण्यासारखं काही नाही, पण दुर्लक्ष करण्यासारखंही नाही. परवाना देणाऱ्या कार्यालयाकडे नंबर दुरुस्तीचा अर्ज द्यायचा. सोबत गन हाऊसचं किंवा परवानाधारक आर्मररचं (शस्त्रं दुरुस्त करणाऱ्याचं) तपासणी पत्र, दोन्ही नंबरांचे ठळक फोटो, आणि जुन्या परवान्याची पानं. आजोबांच्या फायलीत खरेदीची पावती किंवा जुनी निवडणूक-पावती असेल आणि एखादीवर ‘के’चा नंबर असेल, तर तो कागद सोन्यासारखा जपा, दुरुस्ती त्याच्यावर सरकते. कुणी ‘परवान्यावरचा आकडा मुठीखाली ठोकून देतो’ म्हणालं तर तिथून उठा. शस्त्रावरचा नंबर बदलणं, घासणं किंवा खोटा ठोकणं कलम ८ खाली गुन्हा आहे. आज ती कारकुनी चूक आहे, उद्या फौजदारी होईल.

साल आता सरळ निघतं. ‘के’ मालिकेत १९४८ साल के ७३१२१ पर्यंत गेलं, १९४९ के ८४१४९ पर्यंत, आणि १९५० के ८४१५० पासून के १०४०४७ पर्यंत. ९१ हजार म्हणजे १९५०. दोन गोष्टी सोबत ध्यानात घ्या. ही मालिका के-२२ ची एकट्याची नव्हती. के-३२ आणि के-३८ ही .३२ आणि .३८ बोअरची भावंडं त्याच ओळीत नंबर घेत होती, त्यामुळे ‘हे ९१ हजारावं बावीस बोअर’ असं म्हणू नये. आणि नंबर ठोकला त्याच वर्षी माल बाहेर गेला असं नाही, नग शेल्फवर राहायचे. कोणत्या तारखेला, कुणाला पाठवलं हे कारखान्याच्या जुन्या नोंदींवरून पत्राने मागवता येतं. कंपनीचं इतिहास-प्रतिष्ठान शुल्क घेऊन असं पत्र देतं. सामान्य नगासाठी त्याचा खर्च भरून निघत नाही.

नंबर एका सालाकडे बोट दाखवतो, बाकीचं अंग त्याला दुजोरा देतं की नाही ते बघायचं. स्क्रू मोजा. १९५० च्या नगावर पाच हवेत: उजव्या झाकणावर चार (त्यातला एक ग्रिपखाली लपलेला) आणि चापाच्या कड्यापुढे एक. झाकणाचा वरचा स्क्रू १९५५ च्या सुमारास गेला, कड्यापुढचा १९६१-६२ ला. मुठीच्या पुढच्या अंगाला असलेला, आतली पट्टी ताणणारा स्क्रू या मोजणीत धरत नाहीत. हा घोळ नवशिक्यांकडून हमखास होतो. खोबणीत ‘मॉड. १७’ (म्हणजे मॉडेल १७, याच वस्तूचं पुढचं नाव) असा ठसा असेल तर वस्तू १९५७ नंतरची. तुमच्यावर तो नसणार आणि नसावाच. जाणकार तुमच्या वस्तूला ‘प्री-१७’ म्हणतात. तो ठसा निघाला आणि नंबर १९५० चा असला, तर कुणीतरी दोन वस्तूंची एक केली आहे. ग्रिपच्या स्क्रूभोवती लाकडातच कोरलेला पतंगासारखा चौकोन हवा, तो १९६८ पर्यंत चालला.

पाठीवरच्या पट्टीची रुंदीही बघून ठेवा. सुरुवातीच्या नगांवर ती अरुंद होती. १९४९-५० च्या आसपास कारखान्याने बोअरप्रमाणे पट्टी कमीजास्त रुंद करून .२२, .३२ आणि .३८ या तिन्ही भावंडांचं वजन सारखं आणलं, म्हणजे नेमबाजाला एकावर सराव करून दुसरं हातात घेता यावं. .२२ चं भोक लहान म्हणून त्यात लोखंड जास्त. तुमचा नग बरोबर त्या सांध्यावरचा आहे, दोन्हींपैकी कोणतीही पट्टी निघू शकते.

नग इंग्लंडमार्गे आला असेल तर नळीवर आणि सिलिंडरच्या प्रत्येक घरावर (काडतूस बसायच्या भोकावर) मुकुटाखाली अक्षरं असे छोटे ठसे दिसतील. ते बर्मिंगहॅम किंवा लंडनच्या चाचणीघराचे. ‘नॉट इंग्लिश मेक’ असा शेरा १९२५ ते १९५५ या काळात परदेशी मालावर मारत. हे ठसे असले म्हणून वस्तू ब्रिटिश होत नाही, तिचा प्रवास तेवढा कळतो.

पांढरं चकाकणारं प्लेटिंग हा तुमच्या वस्तूतला दुखरा भाग आहे. के-२२ कारखान्यातून जवळजवळ नेहमी निळसर काळ्या रंगात निघालं. कारखान्याने निकेल केलेले नग अपवादाने सापडतात, आणि त्यांच्यावर बहुधा नंबराजवळ ‘एन’ अक्षर असतं. खात्री करायची सोपी जागा घोडा आणि चाप. स्मिथने हे दोन भाग ना काळे केले ना निकेल. त्यांच्यावर भट्टीतल्या कडकपणाचे करडे-तांबूस-निळे ढग असतात, निकेल नगावरसुद्धा. घोडा आणि चाप चमच्यासारखे पांढरे असतील तर प्लेटिंग बाजारातलं.

आता भिंग घ्या आणि नळीवरच्या ‘स्मिथ’च्या अक्षरांकडे बघा. मूळ ठशाची कडा तीक्ष्ण असते, बोटाला किंचित लागते. बाजारातला पॉलिशवाला आधी कापडी चाकावर घासतो, मग हौदात बुडवतो, त्यामुळे अक्षराची कड साबणासारखी गोल होते आणि स्क्रूच्या भोकांभोवती उथळ बशी तयार होते. झाकणाचा सांधा, जो चांगल्या स्मिथवर नखाला सापडत नाही, तो रेघ होऊन दिसतो. सगळ्यात वाईट म्हणजे मुठीखालचा नंबर उथळ होतो. एखादा आकडा ३ की ८ हे कळेनासं झालं तर प्रश्न शोभेचा राहत नाही, वर सांगितलेल्या कलमाच्या सावलीत जातो. तुमचा नंबर पूर्ण वाचता येतोय, हे नशीबच.

नंबराशेजारी चांदणीच्या आकाराचा ठसा असेल तर वस्तू दुरुस्तीला कारखान्यात परत गेली होती. अशा वेळी ग्रिपखाली महिना-साल असा बारीक ठसा मिळतो. कारखान्याचं काम असेल तर किंमत तेवढी घसरत नाही.

ग्रिप काढताना स्क्रूड्रायव्हर फटीत घालून उचकटू नका, कोपरा तुटतो. मधला स्क्रू दोन-तीन फेरे सैल करायचा, त्याच्या डोक्यावर हलकं ठोकायचं, समोरची ग्रिप आपोआप सुटते. स्क्रूड्रायव्हरचं पातं खाचेत घट्ट बसणारं हवं. पाचर आकाराच्या बाजारी पात्याने खाच फाटते, आणि फाटलेली खाच गिऱ्हाईकाला पहिल्यांदा दिसते. उजव्या झाकणाचे स्क्रू तर तुम्ही उघडूच नका.

हालत तपासायच्या आधी रिकामं असल्याची खात्री, आणि तीही प्रत्येक वेळी हातात घेताना. नळी भिंतीकडे, बोट चापाबाहेर, कळ पुढे, सिलिंडर डावीकडे, दांडी दाबून चांदणी उचलायची आणि सहाही घरांतून आरपार उजेड बघायचा. जुन्या .२२ मध्ये काडतूस घरात चिकटून बसतं आणि दांडी दाबूनही उचललं जात नाही, म्हणून नजर प्रत्येक घरात गेलीच पाहिजे.

या पिढीची एक खोड माहीत असू द्या. दांडीचे आटे तेव्हा उजवे होते, सिलिंडर फिरता फिरता ते सैल होतात आणि दांडी पुढे सरकून नळीखालच्या खिट्टीत अडकते. कळ दाबते, पण सिलिंडर उघडत नाही. लोक मग तळहाताने सिलिंडरवर थापा मारतात, त्यात वळणदार हात वाकतो आणि बिनखर्चाचं काम खर्चाचं होतं. १९६० च्या सुमारास कारखान्याने आटे डावे केले ते याचसाठी. उघडत नसेल तर ते भरलेलं आहे असंच धरून आर्मररकडे द्यायचं. दांडी कसताना घरांत रिकामी पुंगळी बसवून कसायची असते, नाही तर चांदणीच्या बारीक पिना पिळवटतात. हे माहीत नसलेल्या माणसाच्या हाती देऊ नका.

उघडतं आहे आणि रिकामं आहे, आता चाल बघा. घोडा अंगठ्याने अगदी हळू चढवा आणि दुसऱ्या हाताचं बोट सिलिंडरला हलकं टेकवून ठेवा. घोडा पूर्ण चढायच्या आत खालची खिट्टी ‘टक्’ करून खाचेत बसली पाहिजे. सहाही घरांना वेगवेगळं बघा, कारण एखादंच घर मागे राहतं. मागे राहिलं तर गोळी नळीच्या तोंडाच्या कडेला घासून शिसं तासते. चढलेल्या घोड्याला मागून अंगठ्याने पुढे रेटलं तर तो सुटता कामा नये. सुटला तर कुणीतरी चाप मऊ करायला आतली धार घासली आहे, टार्गेट रिव्हॉल्व्हरवर हा उद्योग फार होतो. घोडा उतरवताना धरून उतरवा, रिकामा आपटू नका. .२२ ची टाचणी काडतुसाच्या कडेवर बसते, खाली काडतूस नसलं की ती घराच्या काठावर आदळू शकते आणि तिथे चिर उमटते. मग काडतूस नीट आत बसत नाही. प्रत्येक घराचा काठ उजेडात बघा, अशी चिर लगेच दिसते.

सिलिंडर आणि नळीच्या मधली फट फीलर गेजने मोजा. ०.१० ते ०.२० मिलिमीटर चांगली. फार जास्त असेल तर बाजूने राख आणि शिसं उडतं. नळीत उजेड टाकून मागून बघा: गोळी मध्ये अडकून मागून दुसरी मारली गेली असेल तर आत एक काळसर वर्तुळ दिसतं, बाहेरून हात फिरवला तर सूक्ष्म फुगवटाही लागतो. ती नळी गेली. घरांत मधोमध राखेचं कडं असेल तर आखूड ‘शॉर्ट’ काडतुसं खूप वापरली आहेत. तो मळ पितळी ब्रशने बहुतेक निघतो, त्यासाठी भाव पाडून देऊ नका.

किंमतीकडे येऊ. बोअर .२२, म्हणजे ‘नॉन-प्रोहिबिटेड’, प्रतिबंधित नसलेला. हे तुमच्या पथ्यावर. याचंच भावंड .३८ असतं तर गाडी वेगळ्या रुळावर गेली असती, कारण तो बोअर प्रतिबंधित गटात मोडतो आणि त्याचे परवाने थेट केंद्रीय गृह खात्याकडे जातात. गिऱ्हाईकच उरत नाही. उलट के-३२ असतं तर दुहेरी भाग्य: जगात मोजके नग, आणि आपल्याकडे सहज मिळणारं .३२ चं काडतूस.

.२२ ला मागणी आहे पण अरुंद. २०१९ च्या दुरुस्तीनंतर सामान्य परवानाधारकाला दोनच शस्त्रं ठेवता येतात. त्यातली एक जागा संरक्षणासाठी घेणारा माणूस .३२ घेतो. नेमबाज स्पर्धेसाठी सेमी-ऑटोमॅटिक घेतो. उरतो हौशी, जो सरावाला स्वस्त काडतूस आणि नेमकी साईट शोधतो. असा माणूस सोलापुरात मिळेलच असं नाही, पुण्या-मुंबईच्या गन हाऊसमध्ये माहिती ठेवावी लागेल. दुसऱ्या बाजूला, १९८० च्या दशकाच्या मध्यापासून सामान्य नागरिकांसाठी शस्त्रांची आयात बंद आहे, म्हणून देशात असलेले अस्सल परदेशी नग वाढत नाहीत. अमेरिकेत सरसकट मिळणारी वस्तू इथे मानाने विकली जाते, ती याच कारणाने. आणि ती परत तिकडे पाठवून डॉलर कमवायचा बेत सोडा, शस्त्राची निर्यात असल्या एकट्या-दुकट्या नगासाठी होत नाही. ‘अँटिक आहे, परवाना लागत नाही’ हेही कुणी सांगेल. पुरावस्तूला शंभर वर्षं लागतात, तुमचा नग तर १९५० चा, पहिल्या पिढीतल्या १९३१ च्या नगालाही २०३१ पर्यंत ती भरत नाहीत. शस्त्र कायद्यातून सुटायला तर ते दुरुस्त करूनही उडणार नाही असं असावं लागतं. तुमचं उद्या उडेल.

भाव काढायची पद्धत अशी. त्या दिवशी कानपूरच्या सरकारी कारखान्याच्या नव्या .३२ रिव्हॉल्व्हरची किंमत काय आहे ते गन हाऊसला विचारा, ती खुंटी धरा. (२०१४ मध्ये त्याच कारखान्याचं ‘निर्भीक’ रिव्हॉल्व्हर बाजारात आलं तेव्हा ते सव्वा लाखाच्या आसपास होतं.) मूळ रंगातलं, पाचही नंबर जुळणारं, कागद स्वच्छ असलेलं के-२२ या खुंटीच्या बरंच वर बोलता येतं. तुमचं प्लेटिंग केलेलं आहे, म्हणजे संग्राहक गेला, वापरणारा राहिला. माझ्या मते त्याने वरच्या फरकातला निम्म्याहून जास्त भाग खाल्ला. परवान्यावरचा नंबर दुरुस्त होईपर्यंत तर बोलीच लावू नका, कारण शहाणा गिऱ्हाईक हात घालणार नाही आणि जो घालेल तो अडचण ओळखून पाडून मागेल. दोन वेगळ्या गन हाऊसची लेखी बोली घ्या. एकाच दुकानात जमा आणि तिथेच विक्री असेल तर आकडा हमखास खालून येतो.

थेट परवानाधारकाला विकायचं ठरलं तर, तेव्हा ते ज्याच्या परवान्यावर असेल त्या वारसाने, खरेदीदाराचं नाव-पत्ता आधी परवाना कार्यालय आणि पोलीस ठाण्याला लेखी कळवून ४५ दिवस थांबायचं आहे. आगाऊ रक्कम घेऊन वस्तू आधी द्यायची नाही.

पुन्हा काळं करून घ्यावं का, असा प्रश्न पुढे येईलच. नको. गोल झालेली अक्षरं काळ्या रंगाने धारदार होत नाहीत, आणि दुसऱ्यांदा चाकावर गेलं तर नंबराचं उरलंसुरलं खोलपण जाईल. आहे तसं साफ करा. आतलं वाळून मेणासारखं झालेलं तेल आर्मररकडून केरोसीनने धुऊन घ्या. घरात खोबरेल लावलं असेल तर तोच चिकट थर असतो, थंडीत घोडा जड पडतो तो त्यानेच. नंतर शिवणयंत्राचं किंवा यंत्रमागाला घालतात ते पातळ स्पिंडल तेल दोन थेंब पुरे, फडक्याने पुसून.

चामड्याच्या कव्हरमध्ये मात्र परत घालू नका. कमावलेल्या चामड्यातला आंबटपणा आणि पावसाळ्याची ओल मिळून प्लेटिंगखालून गंज धरतो, फोड येतात आणि पापुद्रा सुटतो. सोलापूरच्या मे महिन्यात ग्रिपचं लाकूडही आकसतं, म्हणून स्क्रू ताणून कसू नका. जमा करताना कव्हर, जुना पुठ्ठ्याचा बॉक्स, साफ करायची सळई, छोटा स्क्रूड्रायव्हर असं जे असेल ते वेगळ्या पिशवीत घरीच ठेवा. बॉक्सच्या तळाला पेन्सिलीने ‘के’चा नंबर लिहिलेला मिळाला तर फोटो काढून नंबर दुरुस्तीच्या अर्जाला जोडा.